निळ्या खोक्यातली सातवी

३ फेब्रुवारी

लिफ्ट बंद. आज एकोणिसावा दिवस. खाली दारावर कागद लावलाय म्हणे — 'काम चालू आहे'. वहिनी शाळेतून येताना रोज तो वाचते आणि वर पोचली की धापा टाकत मला कळवते, "चालू आहे हं काम." कोण करतंय, कुठे करतंय, देव जाणे. सहा मजले, एकशे चौदा पायऱ्या. तिने मोजल्यात. चाकाच्या खुर्चीला एक पायरी काय आणि एकशे चौदा काय, सारखंच.

दादाला विचारलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे लिफ्टचं दुखणं त्याच्याच गळ्यात. "पार्ट यायचाय," म्हणाला. "लांबून यायचाय. वेळ लागतो." आणि पेपरात तोंड घातलं.

सध्या माझी हद्द — पलंग, टेबल, खिडकी, न्हाणीघर. मग परत टेबल.

४ फेब्रुवारी

वीस.

६ फेब्रुवारी

कुरियरवाले आले. पन्नाशीचे गृहस्थ, मिशा पांढऱ्या. दारात भिंतीला टेकून उभे राहिले, पाणी मागितलं. दोन पेले प्यायले. पाकीट हातावर तोलून म्हणाले, "एवढंसंच आहे? मला वाटलं औषध असेल. म्हणून चढलो."

आत एक बारकी सीडी. तळहाताहून लहान. त्यांना खरं सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, औषधच आहे.

इथे तरी खरं लिहावं. वीसेक वर्षांपूर्वी 'मिटमिट' नावाचं खेळणं निघालं होतं. अंड्याएवढं, प्लास्टिकचं. छोट्या पडद्यावर एक प्राणी. तीन बटणं — भरवा, न्हाऊ घाला, झोपवा. विसरलात तर मरायचा. पोरं शाळेत चोरून न्यायची. त्याच्या मोठ्या खोक्यात एक सीडी फुकट यायची. ती कॉम्प्युटरवर लावली की मिटमिटचं घर उघडायचं. खोल्या, खेळ, गाणी. एकूण अकरा निघाल्या. खेळणी लोकांनी जपून ठेवली, सीड्या फेकून दिल्या. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत ती काय! कंपनी बुडाली. मूळ फायली कोणाकडेच नाहीत.

मी त्या गोळा करते. पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचायची. दोन्ही नकला तंतोतंत जुळल्या तरच खरं. मग वरचं चित्र, खोकं, सूचनांचा कागद, सगळं स्कॅन करून कोणालाही उतरवून घेता येईल असं नेटवर ठेवून द्यायचं. अकरापैकी दहा झाल्या. आजची दहावीच होती, आधीची नक्कल किडकी होती म्हणून परत मागवली.

राहिली सातवी. ती फक्त निळ्या खोक्यात यायची, एकच हिवाळा. आणि सातवी माझी आहे. म्हणजे, त्यातलं घर मी काढलंय. बाविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीत. स्वतःसाठी एक प्रत ठेवली नाही. तेव्हा वाटायचं, असली छप्पन्न कामं करू.

९ फेब्रुवारी

फोन आला! गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खेळण्यांचं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकांचा. खेळणीवाले काका म्हणतात त्यांना सगळे. सातवीसाठी मी नेटवर दिलेली जाहिरात त्यांच्या पुतणीने वाचून दाखवली होती.

"निळी खोकी म्हणता ना? माळ्यावर बारा आहेत. सील फोडलेलं नाही. विकलीच गेली नाहीत हो, नवीन रंग आला नि ही पडून राहिली."

बारा! माझा आवाज चिरकला.

"या की घेऊन जायला. पण महिनाअखेरीपर्यंतच. अठ्ठावीसला किल्ली देतोय मी. मग लेकीकडे जाणार, कायमचा."

पाठवता येतील का विचारलं. "पूर्वी एकदा चिनी मातीची बाहुली पाठवली होती. तिकडे चुरा पोचला. तेव्हापासून नाही. तुम्ही या. अर्ध्या तासाची बस."

हो म्हटलं. काय म्हणणार होते दुसरं?

१० फेब्रुवारी

संध्याकाळी दादाला सांगितलं. मला खाली ने म्हटलं.

"सहा मजले? पाठ आहे की काय माझी?"

चौघांना बोलाव म्हटलं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते परत नको हं." गेल्या महिन्यात लिफ्ट बंद झाल्यावर तपासणीसाठी मला लाकडी खुर्चीवर बसवून उतरवलं होतं. कपाट उतरवतात तसं. तिसऱ्या मजल्यावर एकाचा पाय घसरला. मी पडले नाही, पण कठड्यापलीकडे तीन मजल्यांची खोली दिसली. त्या दिवशी मीच म्हटलं होतं, पुन्हा नाही.

आता मी म्हणतेय चालेल, तर ते नाही म्हणतायत.

"रविवारी मी जाऊन आणतो," दादा म्हणाला. "तू ना, उगाच घायकुतीला येऊ नकोस ठके."

ठकी म्हणतो मला. कापडी बाहुली. लहानपणापासून. तेव्हा राग यायचा नाही.

१३ फेब्रुवारी

एकोणतीस. खिडकीतून खालचा बसथांबा दिसतो. आज एक बाई बस चुकली म्हणून हसत होती. एकटीच.

१६ फेब्रुवारी

दादा दुपारी आला. कापडी पिशवीतून टेबलावर ओतलं — बारा मिटमिट. निळे, चकचकीत.

"खोकी?"

"मोठी होती गं. बसमध्ये कुठे धरू? तिथेच फोडली. काकांनी मदत केली."

"आणि सीडी?"

"सीडी नव्हती. मी बघितलं आत."

असते. खोक्याच्या तळाशी दुहेरी पुठ्ठा असतो, त्याच्या मध्ये चिकटवलेली. मला माहीत आहे, कारण ते खोकं बनत होतं तेव्हा मी तिथे बसलेली असायचे. मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. पण 'सीडी आण' हे मी तीनदा म्हटलं होतं, 'खेळणी आण' एकदाही नाही.

ओरडले मी. काय काय बोलले ते लिहीत नाही. एक मिटमिट भिंतीवर फेकला. दादा वाकला, उचलला, पुसला, परत टेबलावर ठेवला. तो उलट बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्याशी तो कधीच भांडत नाही. अपघाताला दोन वर्षं सात महिने झाले.

१७ फेब्रुवारी

सकाळी काकांना फोन. खोकी मागच्या खोलीत रद्दीच्या ढिगावर आहेत. रद्दीवाला उद्या येणार.

"थांबा हं, बघतो." बराच वेळ पुठ्ठा फाटल्याचा आवाज. "आहे हो! खाली डकवलीय. पण बाई, उजेडासमोर धरली तर आरपार ठिपके दिसतायत. चाळणीसारखे."

चंदेरी थर खायला लागलाय. दमट माळा. वीस वर्षं.

दादाला परत सांगायचं नव्हतं मला. वहिनीने माझं बोलणं ऐकलं होतं. शाळेत निघाली होती, चप्पल घालता घालता म्हणाली, "पत्ता लिहून दे."

संध्याकाळी साडेसहाला आली. जुन्या चादरीचं गाठोडं पाठीवर. बारा खोकी, पुठ्ठ्यासकट. उंबऱ्यातच फतकल मारून बसली. घाम, केस विस्कटलेले, साडीला धूळ. "घे तुझ्या चकत्या," म्हणाली. "तो म्हातारा गोड आहे. चहा पाजला. तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, नणंद माझी फार मोठी माणूस आहे, जागची हलत नाही."

दोघी हसलो. खूप दिवसांनी.

मग तिने गुडघ्यांना तेल लावलं. मी बाटली धरली.

१९ फेब्रुवारी

बाराच्या बारा किडक्या. पहिली साठ टक्के वाचली. दुसरी चाळीस. पाचवी तर ड्राइव्ह घेतच नाही, खर्र खर्र करून बाहेर टाकते.

पण भोकं प्रत्येकीला वेगवेगळ्या जागी आहेत. एकीचा गेलेला तुकडा दुसरीत शाबूत असू शकतो. तुकडे जोडून एक पुरी सीडी करता येईल. कदाचित.

२० फेब्रुवारी

सकाळपासून टेबलावर. ड्राइव्ह तापतात, थांबावं लागतं. अकरा हजार तुकड्यांपैकी दोनशे चार कुठेच मिळत नाहीत.

२१ फेब्रुवारी

एकवीस उरले. त्या पाचवीला कोमट पाण्यात बुडवून, हळू पुसून, जुन्या ड्राइव्हवर अगदी सावकाश फिरवली. ती वाचली! जिच्यावर भरवसा नव्हता तीच.

२३ फेब्रुवारी

झालं. एकही तुकडा कमी नाही. सातवी पुरी.

दुपारी लावली. वहिनी वह्या तपासत होती, तिला हाक मारली. पडद्यावर घर उघडलं. जिना, माळा, गच्चीवर वाळत घातलेले छोटे छोटे मोजे. मोजे मी पूर्ण विसरले होते. प्रत्येक मोज्याला वेगळी नक्षी. कोणी सांगितलं नव्हतं तेवढं करायला. बाविसाव्या वर्षी माणसाला वेळ किती असतो.

शेवटी नावांची यादी येते. नऊ माणसं. 'चित्रं' आणि पुढे माझं नाव. वहिनीने मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे तू केलंयस? मला वाटायचं तू नुसत्या गोळा करतेस." पुन्हा लाव म्हणाली. मोजे एकेक बघितले.

दादा दारात उभा होता. "छान आहे," म्हणाला आणि गेला. मला त्याचा चेहरा नीट दिसला नाही.

२६ फेब्रुवारी

खेळण्यांच्या संग्रहालयातून पत्र. अकराही सीड्या मी ठेवल्यात, तिकडच्या बाईंनी पाहिल्या. सातवी जोडली कशी, हे त्यांनी बारकाईने विचारलंय. त्यांच्याकडे तळघर भरून जुन्या सीड्या, फ्लॉपी, कॅसेटी पडल्यात. सगळ्या हळूहळू मरतायत. त्यांना माणूस हवंय. आठवड्याचे तीन दिवस. 'चौदा मार्चला प्रत्यक्ष भेटायला याल का? खोली तळमजल्यावर आहे, दाराला उतार आहे.'

उताराचं त्यांनी न विचारता लिहिलं. मी जाहिरातीत खुर्चीचा उल्लेख केला होता एकदाच, कधीतरी.

२७ फेब्रुवारी

वहिनीने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या गालावर चापटी मारली. ही तिची शाबासकी.

दादा म्हणाला, "बघू."

२ मार्च

शेहेचाळीस.

"लिफ्ट झाली की बघू," दादा.

"कधी होणार?"

"पार्ट आला की."

मोठा भाऊ म्हणजे बापाच्या जागी, असं लहानपणी ऐकत आले. पण बापाला 'का' असं विचारायची सवय होती मला. दादाला नाही.

५ मार्च

बाईंना फोन केला. कॉम्प्युटरवरून भेटता येईल का? "येईल हो," त्या म्हणाल्या, "पण मला तुमचा हात बघायचाय. सीडी धरता कशी, पुसता कशी. ते पडद्यावर कळत नाही." लिफ्टचं सांगितलं. त्यांनी तारीख एकवीस केली. "त्यानंतर मात्र मला थांबता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

कोणाचं वाईट वाटून घेऊ?

७ मार्च

जेवताना पुन्हा विषय काढला. चौघांना बोलाव, खुर्चीवरून उतरव, घसरले तर माझं मी बघेन. दादाने घास खाली ठेवला. "तुला काही झालं तर?"

"मला काय व्हायचं राहिलंय?"

बोलून गेले. ताटाकडे बघत बसला. वहिनीने मला डोळ्यांनी दटावलं. अपघाताच्या दिवशी गाडी दादा चालवत होता. मी मागे बसले होते. त्याला हाताला सहा टाके पडले. ह्यावर या घरात कोणी कधी बोललेलं नाही. मी त्याला दोष दिला नाही. पण दोष देत नाही असंही कधी म्हटलं नाही, हे आज लिहिताना लक्षात आलं.

१० मार्च

चौपन्न.

आज मी स्वतः लिफ्टच्या कंपनीत फोन केला. इतके दिवस का नाही केला? कारण ते दादाचं काम होतं. नंबर सोसायटीच्या फायलीत होता, फाइल दादाच्या कपाटात. कपाटाला कुलूप नव्हतं.

पलीकडे एक बाई, घाईत. पत्ता सांगितला. कागद चाळल्याचा आवाज.

"तुमचा पार्ट तर आलाय मॅडम. तीस जानेवारीलाच. आमचा माणूस दोनदा यायला तयार होता. तुमच्या सेक्रेटरींनी थांबायला सांगितलंय. घाई नाही म्हणाले."

"कोणी?"

"सेक्रेटरींनी." आणि त्यांनी दादाचं नाव वाचून दाखवलं.

मी थँक यू म्हटलं. फोन ठेवला. वहिनी यायला अजून दोन तास होते. मी नुसती बसून राहिले.

११ मार्च

कोणालाच सांगितलं नाही. वहिनीलाही नाही. तिला माहीत असेल तर? ते ऐकायची तयारी नाही माझी.

दादाला बघत होते. सकाळी त्याने माझी पाण्याची बाटली भरून ठेवली. खुर्चीची चाकं ओल्या फडक्याने पुसली. ही चाकं पन्नास दिवस घराबाहेर गेलेली नाहीत. तरी तो दर मंगळवारी पुसतो. टाळू दिसायला लागलीय त्याची.

मला धड चिडताही येईना.

१२ मार्च

उतरले.

दुपारी तीनला दोघंही बाहेर. दार उघडं टाकून खुर्ची जिन्याच्या तोंडाशी नेली, ब्रेक लावला, हातांवर भार देऊन खाली बसले. एक पायरी. मग पाय हातांनी उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचे. मग दुसरी. विचार असा होता की एकशे चौदा आहेत, संध्याकाळपर्यंत होतील. मूर्खपणा. एकोणीस पायऱ्यांना पाऊण तास लागला. पाचव्या मजल्यावर पोचले तेव्हा खांदे भरून आले होते, तळहात सोललेले. खाली जाववेना. वर तर अशक्यच. दाराआड शेजाऱ्यांचं कुत्रं माझा वास घेत भुंकत होतं, घरात माणूस नव्हतं.

भिंतीला टेकून बसले. लादी गार होती. मजा म्हणजे मला भीती वाटली नाही. एक मजला का होईना, स्वतः उतरले होते.

साडेपाचला जिन्यावर पावलं. दादाची. प्रत्येक मजल्यावर थांबतो तो, मला वरून ऐकून माहीत आहे. चौथ्यावर थांबला. मग वळणावर आला आणि मी दिसले.

हातातली पिशवी सुटली. कांदे घरंगळत खाली गेले.

"पडलीस? ठके, पडलीस का?"

"उतरले. पार्ट तीस जानेवारीला आलाय, दादा."

तो माझ्याहून दोन पायऱ्या खाली बसला, माझ्याकडे पाठ करून.

"अकरा जानेवारी आठवते?" शेवटी म्हणाला. "तू एकटी गेली होतीस. कोणाकडे तरी सीडी वाचायला. साताला येते म्हणालीस. फोन बंद."

"बॅटरी संपली होती. आठला आले मी."

"आठ वाजून वीस मिनिटांनी. मी खालच्या पायरीवर बसलो होतो. प्रत्येक गाडीचा आवाज आला की..." हात डोक्यावरून फिरवला. "पाच दिवसांनी लिफ्ट बंद पडली. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येतो, तू टेबलाशी असतेस. तेवढं एक मला सांभाळता येतं. मग पार्ट आला. म्हटलं आठवडाभर राहू दे. मग आणखी एक आठवडा."

"आणि ते पत्र आल्यावर?"

"पत्र आल्यावर तर मी घाबरलोच."

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. शर्ट घामाने चिकटला होता. खूप काही तयार करून ठेवलं होतं बोलायला, दोन दिवस. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. वेगळंच आलं.

"त्या दिवशी ट्रक चुकीच्या बाजूने आला होता. तू काही केलं नव्हतंस. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

त्याचे खांदे हलायला लागले. मी हात पुढे केला, पोचला नाही. दोन पायऱ्यांचं अंतर.

"पण मला कोंडलंस तू," मी म्हटलं. "ते तू केलंस. ते मी विसरणार नाही."

"हो," म्हणाला. "नको विसरूस."

मग वळला, मला पाठकुळी घेतलं आणि एकोणीस पायऱ्या चढला. प्रत्येक पायरीला कण्हत. मधे थांबायला सांगितलं, थांबला नाही. लहानपणी नदीवर जाताना घ्यायचा तसं. तेव्हा त्याच्या मानेला साबणाचा वास यायचा, आज औषधाचा.

वहिनी आली तेव्हा ती जिन्यावरचे कांदे गोळा करतच वर आली. "काय झालं?" दोघांनी एकदम 'काही नाही' म्हटलं. मग मी सगळं सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. तिने दादाकडे एकदाच बघितलं. कांदे टोपलीत ठेवले. रात्रीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

१३ मार्च

दादाने माझ्यासमोर फोन केला. स्पीकर लावून. शनिवारी येतो म्हणाले.

१५ मार्च

लिफ्टवाला आला. दाढीवाला, शिट्टी वाजवत काम करणारा. चार तास. ठोकाठोकी. मग घरघर आणि सहाव्या मजल्यावर दिवा लागला. एकोणसाठ दिवस, आणि काम चार तासांचं.

खाली गेले, वहिनीबरोबर. रस्त्याच्या कडेला अर्धा तास नुसती बसले. गाड्यांचा धूर, कोणीतरी कोणालातरी शिव्या देतंय.

दादा आला नाही. खिडकीत उभा होता. मी हात केला नाही. मग केला.

१८ मार्च

खेळणीवाल्या काकांचा लेकीच्या घरून फोन. सातवी चालली का? चालली म्हटलं. "चला, माळ्यावर फुकट नाही राहिली," म्हणाले. तिकडे त्यांना करमत नाही. गिऱ्हाईक येत नाही ना.

२१ मार्च

संग्रहालय. बसने एकटी गेले. दादा थांब्यापर्यंत आला, बस सुटेपर्यंत उभा राहिला, काही सूचना दिल्या नाहीत. त्याला किती जड गेलं असेल, कळलं मला. तरी वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

खोली नव्हे, गुहाच. तळघरातून वर आणलेली खोकीच खोकी. बाईंनी ओरखड्यांनी भरलेली एक सीडी पुढे ठेवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी धुतली, पुसली, मधून कडेकडे. तळहातावरच्या खपल्या त्यांना दिसल्या. विचारलं नाही.

"तीन महिने करून बघू," म्हणाल्या. "सोमवारी याल?"

घरी पोचले सव्वासातला. दादा जिन्यावर बसलेला नव्हता. टेबलाशी बसून पेपर वाचत होता. उलटा नव्हता धरलेला, मी बघितलं.

२२ मार्च

सकाळी दादा बाहेर गेल्यावर वहिनीने दोन कप चहा केला आणि माझ्यासमोर बसली. ती सकाळी कधी बसत नाही. म्हणाली, तिच्या माहेरच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघालीय. अडीच वर्षांपूर्वीही निघाली होती, तेव्हा तिने 'नाही' कळवलं होतं. कोणाला बोलली नव्हती. या वेळी 'हो' कळवलंय. जूनपासून. दादाला अजून सांगितलेलं नाही, तो येईल की नाही तेही माहीत नाही.

"तुझ्यामुळे नाही म्हटलं होतं, असं मात्र समजू नकोस हं," म्हणाली.

चहा संपवला. दोन्ही कप विसळले, पालथे घातले, हात पदराला पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यामुळेच म्हटलं होतं गं."